प्लास्टिकवर न बसणारा शिक्का

विमा कचेरीच्या खिडकीशी माझ्यापुढे एक रिक्षावाले काका उभे होते. टेम्पोने ठोकल्यामुळे उजवा हात प्लास्टरमध्ये होता. भरपाईच्या अर्जासोबत त्यांनी विम्याचा कागद आत सरकवला. पावसात भिजू नये म्हणून त्यांनी तो लॅमिनेट करून रिक्षातल्या देवाच्या फोटोमागे जपला होता.

कारकुनाने त्यावर शिक्का मारला. शाई प्लास्टिकवर पसरली.

"हे चालणार नाही. कायद्यात दुरुस्ती झालीय. आता शिक्का मूळ कागदावरच लागतो."

"अहो साहेब, मूळ कागद आतच आहे की!"

"तांत्रिक बाब आहे, काका. माझ्या हातात काही नाही."

तांत्रिक! या शब्दाची मला शिसारी येते. म्हणे दुरुस्ती! आमच्या गल्लीतला पंक्चरवालासुद्धा आधी चाक नीट बघतो, मगच हात लावतो. हे दुरुस्तीवाले भर पावसात एकदा तरी रिक्षात बसले होते का?

काका डाव्या हाताच्या नखाने प्लास्टिक सोलू लागले. त्याबरोबर कागदही फाटत चालला. मला बघवेना, म्हणून मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिथे नव्या नियमांचं पत्रक लावलं होतं. छान लॅमिनेट करून.