रेडिओच्या गाडीचं झाकण

त्या गल्लीत त्याला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे रेडिओच म्हणायचे. जुन्या मोटरसायकली दुरुस्त करणारा हा माणूस गॅरेजचं शटर वर करायच्या आधी तोंड उघडायचा आणि झोप लागली तरच ते मिटायचं. समोर गिऱ्हाईक असो, रस्त्याने जाणारा अनोळखी असो, नाहीतर नुसतं उघडलेलं इंजिन असो, त्याचं बोलणं अडायचं नाही.

त्याची बायको शिलाईकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, बाजूला कापड बेतायचं लांब टेबल आणि भिंतीवर खुंट्यांना लटकलेले बिनबाह्यांचे गणवेश. तो कामावरून आला की हात धुऊन स्टुलावर बसायचा आणि दिवसभराची सगळी हकिकत सांगायचा. "अगं, ऐकलंस का," ही प्रत्येक गोष्टीची सुरुवात. कुणाच्या गाडीचा क्लच सासरी आलेल्या जावयासारखा रुसून बसला होता, कुणी इंजिनात तेलाऐवजी भलतंच काही ओतून ठेवलं होतं. ती पाय चालवत, दातांनी दोरा तोडत नुसतं "हं" म्हणायची. कधी फार झालं तर मशीनचा वेग मुद्दाम वाढवायची. मग तो आवाज वाढवायचा. शेवटी "हरले बाई" म्हणून तीच मशीन थांबवायची आणि दोघं हसायची.

मग एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातला ब्रश निसटला. "काय झालं?" म्हणून ती धावत आली, तर आरशातला त्याचा अर्धा चेहरा ओघळल्यासारखा खाली आला होता. इस्पितळातून तो परत आला तेव्हा उजवा हात मांडीवर निजलेला असायचा, उजवा पाय ओढत चालावं लागायचं, आणि बोलणं गेलं होतं.

अगदी सगळं गेलं नव्हतं. एक शब्द राहिला होता, "उद्या." गिऱ्हाइकांना आयुष्यभर जे सांगितलं, तेवढंच नेमकं तोंडात शिल्लक राहिलं. पाणी हवं असलं तरी उद्या, पंखा बंद करायचा असला तरी उद्या, राग आला तरी उद्या. पहिल्यांदा ती हसली होती आणि हसता हसताच पदराने तोंड झाकून आत गेली होती. बोलण्याचा सराव घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्यांना सगळं कळतं बरं का. शब्द आतच आहेत, बाहेरची वाट सापडत नाही. तुम्ही बोलत राहा."

बोलत राहा म्हणणं सोपं होतं. तिला कुठे सवय होती? या घरात बोलायचं खातं त्याच्याकडे होतं. ती मशीन चालवायची, थांबवायची, उगाच स्टुलाकडे बघायची. पुन्हा चालवायची. त्याच्या हकिकतींपैकी किती तिने नीट ऐकल्या होत्या? आठवायला गेलं की सुरुवात आठवायची, पुढचं सगळं टाक्यांच्या खडखडाटात बुडालेलं. एकदा बाजारात तिच्या मागे कुणीतरी आपल्या बायकोला म्हणालं, "अगं, ऐकलंस का," आणि ती भाजीची पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. ते जोडपं पुढे निघून गेलं, दिसेनासं झालं, तरी तिचे पाय हलेनात. भाजीवाली म्हणाली, "ताई, बरं नाही का वाटत?" ती म्हणाली, "नाही, काही नाही. बटाटे द्या."

घरामागे पत्र्याच्या छपराखाली त्याची स्वतःची मोटरसायकल उभी होती. त्यांच्या लग्नापेक्षा जुनी. तो आजारी पडला तेव्हापासून ती तशीच होती, आणि तिच्या उजव्या अंगाला, इंजिनच्या गोल झाकणाच्या खालच्या कडेने तेल झिरपत होतं. रोज सकाळी बायको त्याची खुर्ची मागच्या दाराशी मांडायची आणि तो त्या फरशीवरच्या काळ्या डागाकडे बघत बसायचा. डाग वाढत होता. तो डाव्या हाताचं बोट तिकडे करायचा. "उद्या," म्हणायचा. थोड्या वेळाने पुन्हा, जास्त जोरात. ती डाग पुसायची. त्याला नुसतं पुसणं नको होतं, हे तिला दिसत होतं.

गॅरेज आता त्याचा जुना जोडीदार सांभाळत होता. एका दुपारी तो टेम्पो घेऊन आला. "वहिनी, गाडी नेतो. कव्हरचं पॅकिंग गेलंय, दुसरं काही नाही. चार दिवसांत आणून लावतो."

रेडिओ खुर्चीतून उठला. कसा उठला कुणास ठाऊक. भिंतीला धरत, पाय ओढत गाडीपर्यंत गेला आणि डाव्या हाताने हँडल असं धरलं की जोडीदाराने सोडवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "उद्या! उद्या!" त्याच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

"राहू दे भाऊजी," ती म्हणाली. "आम्ही इथेच करतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी करते. ते आहेत ना बघायला."

जोडीदाराने डोकं खाजवलं. हसावं की नाही, हे त्याला कळेना. मग टेम्पोतून पान्यांची पिशवी काढून त्याने पायरीवर ठेवली. "काम सोपं आहे वहिनी, पण त्याचे स्क्रू म्हणजे एकेक नग असतात. अडलं तर हाक मारा."

रविवारी ती बसली. खाली गोणपाट अंथरलं, एखाद्या पोरीला न्हाऊ घालायला बसावं तशी गाडीच्या समोर मांडी ठोकली. तो खुर्चीत, जवळच. आधी काय करायचं? तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने बोट इंजिनच्या पोटाखाली दाखवलं. हां, तेल. पोटाखालचा बोल्ट सोडवताच काळं तेल परातीत धारेने उतरलं. मग पायाची किक काढली, पाय ठेवायचा दांडा काढला, ब्रेकचा दांडा बाजूला केला. पाना उलटा फिरवला की "उद्या" यायचं तिखट, सुलटा फिरवला की मऊ. थोड्याच वेळात तिला त्या एका शब्दाचे किती तरी अर्थ लागायला लागले.

झाकणाचे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात, एवढं तिला त्याच्याच कुठल्याशा हकिकतीतून ठाऊक होतं. तिने खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर शिलाईच्या खडूने झाकणाचा आकार काढला, जिथे स्क्रू तिथे भोक पाडलं, आणि निघेल तो स्क्रू त्याच्या त्याच्या भोकात खोवत गेली. एक मात्र हटून बसला. स्क्रूड्रायव्हर नुसता घसरत होता, खाच झिजायला लागली होती. रेडिओने मूठ वळली आणि हवेत ठोसा मारला.

"मारू? त्याला?"

त्याने मान हलवली. तिने स्क्रूड्रायव्हर खाचेत रोवून वरून हातोडीचा सणसणीत घाव घातला. पुन्हा एक. मग फिरवला, तर कुरकुर करत स्क्रू सुटला. "बघितलंत?" ती ओरडलीच. "लातों का भूत निघाला मेला!" आणि आपणच एवढ्या मोठ्याने बोललो, म्हणून दचकली.

झाकण तरी लगेच येईना. तिने फटीत स्क्रूड्रायव्हर घालायला घेतला, तसं खुर्चीतून इतकं खणखणीत "उद्या!" आलं की तिचा हात जागच्या जागी थांबला. त्याने पायरीजवळचा लाकडी ठोकळा दाखवला. ठोकळा ठेवून, हलक्या हाताने चारी बाजूंनी ठोकत गेली, आणि मग झाकण तिच्या हातात आलं. जड होतं. आत क्लचची गोल टोपली, दातेरी चाकं, सगळं तेलाने चमकत होतं. इतकी वर्षं ज्याच्या गोष्टी कानावर पडल्या, ते घर तिने आज पहिल्यांदा आतून पाहिलं.

त्याने खुर्ची पुढे ओढायला खुणावलं. डावा हात आत घालून त्याने क्लचवर बोटं ठेवली आणि तशीच राहू दिली. त्याचे ओठ हलत होते. काहीतरी मोठं, लांबलचक सांगायचं होतं त्याला, कुठून तरी सुरू होऊन कुठे तरी पोचणारं. ती श्वास रोखून थांबली. तिच्या मनात आलं, काहीही सांगा, ऐकलेलंच पुन्हा सांगा, मी मशीनला हातसुद्धा लावणार नाही. पण ओठ थांबले आणि तेच एक आलं, अगदी हळू. उद्या.

"हो," ती म्हणाली, आणि खाली बघून जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे खरवडायला लागली.

झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये बसणारा कागद म्हणजे पॅकिंग. तयार मिळत नव्हतं, गाडीच इतकी जुनी. जोडीदाराने त्या जाडसर कागदाचा ताव मात्र पिशवीत घातला होता. तो तिने आत नेऊन लांब टेबलावर पसरला, झाकणाच्या कडेला तेलाचं बोट फिरवून कागदावर ठसा उमटवला आणि कात्री चालवली. इथे तिला कुणाला विचारायचं नव्हतं. कॉलरचा गोल कापणाऱ्या हाताला हा गोल काय जड? स्क्रूची भोकं तिने काजाच्या पंचाने पाडली. बाहेर आणून त्याच्यासमोर धरलं. त्याने ते उन्हाकडे करून पाहिलं, कडेवरून अंगठा फिरवला. तिच्या कुठल्याच शिवणीकडे त्याने कधी इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

रॉकेलने पुसून, ग्रीसचा हात फिरवून तिने पॅकिंग बसवलं आणि झाकण उचललं.

"उद्या!"

"काय?"

"उद्या! उद्या!" तो खुर्चीच्या हातावर थाप मारत होता. तिने झाकण ठेवलं, पाणी आणलं. त्याने पेला ढकलला, पाणी गोणपाटावर सांडलं. उशी हवी का? ऊन लागतंय का? उद्या, उद्या. तिचा ताबा सुटला.

"मग सांगा ना काय ते! आयुष्यभर बोललात, कान किटले माझे! आता एक शब्द, एक धड शब्द बोला की!"

 कलंडलेल्या पेल्यातून पाणी टपटपत होतं. ती उठून आत गेली, मशीनसमोर बसली, आणि तेलकट हात मांडीवर ठेवून तिला हवं तेवढं रडली. तो आतच कुठेतरी आहे, दाराशी बसलाय, आणि तरी तिला त्याची आठवण येते, हे कुणाला सांगायचं? ज्याला सांगावं, तोच तर नव्हता.

तोंड धुऊन ती बाहेर आली, तेव्हा त्याने कसंबसं खाली वाकून झाकण मांडीवर घेतलं होतं. ते पालथं केलेलं होतं आणि आतल्या बाजूला एका भोकापाशी तो बोट घासत होता. ती वाकली. तेलाने चिकटून एक पातळ वायसर, धातूची गोल चकती, तिथेच राहिला होता. किकच्या दांड्यावरचा. तसंच झाकण लावलं असतं, तर तो तिरका अडकला असता आणि सगळं पुन्हा सोडवावं लागलं असतं.

"हे सांगत होता होय?"

त्याने डोळे मिटून उघडले. तिने वायसर सोडवला, दांड्यावर नीट सरकवला. मग त्याच्या शर्टाच्या बाहीला लागलेलं तेल पुसत म्हणाली, "चुकले. पण तुम्हीही काही कमी नाही." त्याच्या चांगल्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं.

झाकण बसलं. पुठ्ठ्यातून एकेक स्क्रू काढून तिने ते समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे करत आवळले, त्याच्या डोळ्यांच्या तालावर. किक, दांडे, खालचा बोल्ट, नवं तेल. काम करता करता ती बोलत होती, गल्लीतलं, गिऱ्हाइकांचं, सासरी गेलेल्या मुलीच्या नव्या घराचं. सुरुवात कुठून करावी, ते तिला अजून जमत नव्हतं. मध्येच थांबायची, तेव्हा तो मान वळवून बघायचा, पुढे काय, म्हणून.

संध्याकाळी जोडीदार आला. झाकणाभोवती बोट फिरवून म्हणाला, "वहिनी, उद्यापासून गॅरेजवर या." मग गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि किक मारली. दोनदा नुसतीच खोकली. तिसऱ्यांदा इंजिन पेटलं आणि छपराचा पत्रा थरथरला. खाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद जवळजवळ कोरडाच राहिला. एक थेंब आला, पण तो दांड्यावरचा होता, पुसल्यावर पुन्हा आला नाही.

रेडिओ उभा राहिला. त्याला काय हवंय, ते या वेळी दोघांनाही विचारावं लागलं नाही. जोडीदाराने काखेत हात घालून त्याला सीटवर चढवलं, उजवा पाय उचलून जागेवर ठेवला, उजवा हात हँडलवर मांडला. "मी धरलंय, वहिनी, बसा तुम्ही." ती मागे बसली. दोन्ही हात त्याच्या कमरेला. शर्टाला औषधांचा वास होता, त्याच्या खाली अजून थोडा गॅरेजचा.

गाडी जागच्या जागी धडधडत होती. समोर विटांची भिंत होती, तिच्यावर वाळत घातलेली चादर. ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "नदीवरून जाऊ या ना. पुलाच्या पलीकडे तो मोठा रस्ता वळतो तिथून."

 थोड्या वेळाने तिला जाणवलं, त्याचं अंग अगदी सावकाश डावीकडे कलतंय. जोडीदाराने घाबरून पकड घट्ट केली, त्याला वाटलं, पडतोय. पण ती ओळखून होती. वळणावर मागे बसणाऱ्याने उलटं ताठ राहायचं नसतं, चालवणाऱ्याबरोबर झुकायचं असतं. तिने गाल त्याच्या पाठीवर टेकवला आणि तीही झुकली.