श्टुर्मफ्राय

मी भजी तळत होते आणि जर्मनीत नर्सिंग शिकणारी भाची फोनवर होती. "मावशी, आई-बाप बाहेरगावी गेले अन् घर आपल्यालाच मोकळं सापडलं, की इथली पोरं खुशीत म्हणतात, श्टुर्मफ्राय!"

मला आमच्या डोंगरकडा गावातली एक दुपार आठवली. आई-बाबा हळद विकायला हिंगोलीला गेलेले, आणि आम्ही दोघी बहिणींनी चोरून भजी तळलेली. वास लपवायला उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावला. परतलेली आई दारातच थबकली. "एवढ्या उदबत्त्या काहून गं? कोणता देव आला घरी?"

आता त्याच घरात मी एकटी राहते. उदबत्ती आई-बाबांच्या फोटोपुढं जळते.

"अन् ते परत येणारच नसले, तर काय म्हणतात गं?"

"तवा हा शब्द न्हाई चालत, मावशी."