उसना खोकला

मुलाकडे अमेरिकेत आलो की रविवारी त्याच्या चर्चला जातो. परवा उपासनेनंतर तिथे एका विचारवंताची जुनी फिल्म दाखवली. गृहस्थ वारून कित्येक वर्षं झाली. "हा देश," ते म्हणाले, थांबून दोनदा खोकले, "हा देश ख्रिस्ताचा आहे. राज्यही त्याच्याच लोकांनी करावं."

माझ्या अंगावर काटा आला तो त्या खोकल्याने. इथले तरुण पाळक दर रविवारी प्रवचनात हेच वाक्य म्हणतात, आणि नेमके तिथेच दोनदा खोकतात. कोपऱ्यावरचा न्हावीसुद्धा तसाच खोकतो. त्याने तर विचारवंताचं नावही ऐकलेलं नाही. मतं पसरतात हे ठाऊक होतं; पण मेलेल्या माणसाचा घसा असा गावभर फिरावा?

आमची तिकडची, नगरकडची ख्रिस्ती मंडळी मूठभर. देश कुणाचा, अशी भाषा कुणी सुरू केली की आम्ही आधी दाराची कडी लागलीय ना ते बघायचो.

दुपारी जेवताना नात म्हणाली, "आजोबा, हा देश..." आणि दोनदा खोकली.

मी घाईने पाण्याचा पेला पुढे केला.

"मला खोकला नाही झालाय," असं म्हणून तिने वाक्य पुरं केलं.