दोन लाख बेचाळीस हजारांनंतर बोरिवली

मुलुंडहून बोरिवलीला जायचा सरळ रस्ता पवईवरून आहे. मी घाटकोपरवरून गेलो, कारण शैला तशी जात असे.

शैला माझी पत्नी. ती फिजिओथेरपिस्ट होती आणि घरोघरी जाऊन पेशंट बघायची. ऐन पावसाळ्यात ती गेली. हॉस्पिटलातल्या शेवटच्या आठवड्यात तिने मला एकच काम सांगितलं होतं. "गाडी रुपालीला दे. चालती दे." रुपाली सहा वर्षं तिच्या हाताखाली काम करत होती. शैलाचे पेशंट आता ती घेणार होती आणि त्यातला पहिला, मी गाडी द्यायला निघालो त्याच दिवशी, दुपारी चार वाजता कांदिवलीला होता. शेकाचं जड यंत्र घेऊन रोज रिक्षाने फिरणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊला मी निघालो. मीटरवर दोन लाख बेचाळीस हजार एकशे बारा किलोमीटर होते. ही गाडी कधी लोणावळ्यालासुद्धा गेली नव्हती. पृथ्वीभोवती सहा फेऱ्या होतील एवढं अंतर ती मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवली यांच्यातच फिरली होती. माझा परवाना तीस वर्षांचा आहे, पण गाडी चालवल्याचे दिवस मोजले तर तेही तीसच भरतील. शैला चालवायची आणि मी डावीकडे पुस्तक उघडून बसायचो. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, त्यामुळे वाचायला कधी काही कमी पडलं नाही. रस्त्याकडे मात्र मी फारसं पाहिलेलं नव्हतं.

भांडुपपर्यंत सगळं ठीक होतं. मेट्रोच्या कामाचे पत्रे दोन्ही बाजूंनी लावलेले होते आणि त्यांच्यामधून वाहनं एकामागे एक सरकत होती. कांजूरमार्गच्या सिग्नलला थांबलो तेव्हा तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेलेला दिसला. सिग्नल सुटल्यावर तो किंचित खाली आला. पुढच्या सिग्नलला पुन्हा चढला. त्यानंतर मी रस्ता कमी आणि काटा जास्त पाहू लागलो. विक्रोळीला गाडीत गरम गुळासारखा गोडसर वास सुटला. रस्त्याकडेला एक गॅरेज दिसलं, तिथे वळलो.

मेकॅनिक तिशीतला होता. त्याने बॉनेट उघडण्याआधी विचारलं, "किती चाललीय?"

"दोन लाख बेचाळीस हजार."

तो हसला. "काका, रिटायर झाली ना गाडी. तुम्ही पण झाला असाल. तिला कशाला पळवताय?"

मग त्याने इंजिन चालू ठेवूनच तेलाचं झाकण फिरवून काढलं. आतून निळसर धूर भकाभका वर आला. "हे बघा, बॅक कम्प्रेशन." (पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळालेला वायू खाली उतरतो आणि असा बाहेर येतो. गॅरेजमध्ये त्याला हा शब्द आहे.) "वाट लागलीय इंजिनाची. इथेच सोडा. आपला भंगारवाला आहे, संध्याकाळपर्यंत उचलेल."

"मला चारच्या आत बोरिवलीला पोचायचंय."

"मग रिक्षा पकडा."

"गाडी पोचवायची आहे. चालती द्यायची आहे."

"असं कोण बोललं?"

"माझी बायको."

"फोन लावा ना त्यांना, मी समजावतो."

मी फोन काढला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या झाकणाकडे. "सॉरी काका," तो म्हणाला आणि झाकण जागेवर बसवलं.

त्याने अर्धा तास इंजिन निवू दिलं आणि रेडिएटरमध्ये पाणी भरलं. शैलाचा मेकॅनिक घाटकोपरला असल्फ्याजवळ आहे, एवढं मला माहीत होतं. तसं सांगितल्यावर तो म्हणाला, "तिथपर्यंत जाईल. काचा सगळ्या खाली घ्या आणि हीटर फुल मारा. इंजिनाची गरमी तुमच्या अंगावर येईल, तेवढाच त्याला आराम. काटा लालमध्ये गेला की जागच्या जागी बंद करायची. मागचे शिव्या घालतील, घालू द्या."

घाटकोपरमधून ऑक्टोबरच्या उन्हात हीटर लावून जाण्याचा प्रवास मी कुणालाही सुचवणार नाही. पायांवर भट्टीचा वारा येत होता आणि चष्मा नाकावरून घसरत होता. रुमाल पिळला असता तर पाणी निघालं असतं. स्टेशनकडे जाणाऱ्या गर्दीत एक रिक्षावाला अगदी खिडकीला खिडकी लावून थांबला. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काय काका, गाडी चालवताय का वाफ घेताय?" त्याच्या मागे बसलेल्या दोन मुलीही हसल्या. मला हसायचं होतं, पण काटा लाल रेघेपासून बोटभर दूर होता. ही गाडी भर चौकात बंद पडली तर शैलाने सांगितलेलं एकमेव काम माझ्या हातून मोडणार, एवढंच डोक्यात होतं.

असल्फ्याला टेकडीवर रंगवलेली घरं दिसू लागली आणि त्यांच्या पायथ्याशी पत्र्याची शेड आली. परब मिस्त्री साठीच्या पुढचे, मूळचे मालवणचे. गाडी पाहताच ते उठून आले. "म्याडमांची गाडी! म्याडम खंय आसत?" (मॅडम कुठे आहेत?)

मी सांगितलं. ते टायरांच्या थप्पीवर बसले. बराच वेळ हात पुसत राहिले. "माका कोणी सांगूक नाय," ते म्हणाले. (मला कुणी सांगितलं नाही.)

ते खरं होतं. नातेवाईक, सोसायटी, कॉलेज, सगळ्यांना मी कळवलं होतं. बारा-तेरा वर्षं महिन्यातून एकदा जिथे ती यायची, त्या माणसाचं नाव माझ्या यादीत नव्हतं. मी तसं म्हणालो. "ऱ्हवांदे मास्तर," ते म्हणाले (राहू दे) आणि उठले. ग्रंथालयात काम करणारा तो मास्तर, हे शैलाने त्यांना सांगून ठेवलेलं असणार.

त्यांनी मीटर पाहिलं नाही. विचारलं, "काटो कधी चढता? चालताना की उभी असताना?"

"सिग्नलला चढतो. गाडी पळायला लागली की उतरतो."

"मगे इंजिनाक कित्याक दोष?" ते म्हणाले. (मग इंजिनाला कशाला दोष?) चालत्या गाडीला वारा लागतो, उभ्या गाडीला पंखाच वारा देतो, आणि इथे पंखाच फिरत नव्हता. त्यांनी टॉर्च लावला आणि वाकून रेडिएटरच्या मागे हात घातला. मग पक्कड मागे ओढली तेव्हा तिच्या टोकाला कापडाची एक काळवंडलेली पुरचुंडी होती. परबांनी ती हुंगली.

"तंबाखू?"

ती पुरचुंडी मीच बांधली होती. आमच्या पार्किंगमध्ये उंदीर फार आहेत, ते उभ्या गाड्यांच्या वायरी कुरतडतात. शैला गेल्यावर कागदपत्रं रुपालीच्या नावावर होईपर्यंत गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार, म्हणून शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मी तंबाखूची पानं आणि डांबराच्या गोळ्या बांधून बॉनेटखाली दोऱ्याने लटकवल्या होत्या. कापड शैलाच्या जुन्या सुती साडीचं होतं. बोहारणीला द्यायला काढलेल्यातली ती साडी, त्या दिवशी पहिली हाताला लागली ती. त्या दिवसांत मी काय काय केलं ते मला नीट आठवत नाही, आणि हे तर पार विसरलो होतो. दोरा तुटून पुरचुंडी पंख्याच्या पात्यांत अडकली होती आणि फ्यूज उडाला होता.

परबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्या मिशीला हसू फुटलं. "उंदीर जगले आनि पंखो मेलो, मास्तर!" ते खोकला येईपर्यंत हसले. मीही हसलो. गेल्या तीन महिन्यांत मोठ्याने हसल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

फ्यूज बदलल्यावर पंखा फिरला. गाडी निघायला तयार आहे असं मला वाटलं, पण परबांनी चारही प्लग काढले आणि एकेका सिलिंडरला दाबाचं मीटर लावलं. तिसऱ्यावर काटा निम्म्यावरच थांबला. विक्रोळीच्या मेकॅनिकने दाखवलेला धूर खोटा नव्हता, तो इथूनच येत होता.

"ह्यां मी म्याडमांक दोन वर्सां सांगतंय," परब म्हणाले. "गाडी तेल खाता. म्याडम दर रविवारी घालत होते, म्हणान चालली."

दर रविवारी सकाळी शैला खाली जायची. गाडी पुसून येते, म्हणायची. मी वर पेपर वाचत असे. परबांनी तेल मोजायची कांडी बाहेर काढून माझ्यासमोर धरली. तिचं फक्त टोक ओलं होतं.

"उघडूया इंजिन?" त्यांनी विचारलं. "पंधरा दिस लागतले. रिंगो, पिस्टन, सगळा नवीन. नाय तर आठवड्याक तेल घालीत ऱ्हवाचा. वरीसभर चालात. नाय तर एखाद दिस वाटेत बसात." (नाहीतर दर आठवड्याला तेल घालत राहायचं. वर्षभर चालेल. नाहीतर एखाद्या दिवशी वाटेत बसेल.)

पंधरा दिवस रुपालीकडे नव्हते. पण वाटेत बसेल अशी गाडी देणं म्हणजे चालती देणं का, हेही मला ठरवता येईना. परबांनी माझी घालमेल पाहिली असावी. प्लग बसवून होईपर्यंत जेवून घ्या, म्हणाले, आणि आपला डबा पुढे केला. कुळथाची पिठी (हुलग्याच्या पिठाचं पातळ कालवण), भात आणि सुक्या बांगड्याचा तुकडा. मी दोन घास खाईन म्हणून बसलो आणि अर्धा डबा संपवला. जेवताना त्यांनी मला कांडी कशी बघायची ते शिकवलं. गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, कांडी काढून पुसायची, परत पूर्ण आत घालायची, मग काढून बघायची. मी तिथेच तीनदा करून पाहिलं.

तेल भरून दोन वाजता निघालो.

साकीनाका, मरोळ, चकाला. डोक्यावरून मेट्रो जात होती आणि तिच्या खांबांच्या सावल्या बॉनेटवरून एकामागे एक सरकत होत्या. काटा मध्यावर होता, पण आता मला तिसऱ्या सिलिंडरची काळजी लागली होती. माहीत नव्हतं तोवर एकच भीती होती, माहिती मिळाल्यावर दोन झाल्या. अंधेरीला हायवेला लागलो आणि डावीकडची मार्गिका धरून चाळीसच्या वेगाने चाललो.

मालाडच्या अलीकडे ठोके ऐकू येऊ लागले. टक, टक, मग थोडं थांबून पुन्हा टक. वेग वाढवला की जलद व्हायचे. हाच तो तिसरा, असं वाटून मी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं, कांडी पाहिली, तेल होतं. परत चालू केलं तर उभ्या गाडीत ठोके नव्हते. थोडं पुढे गेलो की होते. शेवटी डावीकडचा कप्पा उघडला. आत शैलाची रबराची छोटी हातोडी होती, गुडघ्यावर मारून बघायची. तिचा दांडा कप्प्याच्या दाराला आपटत होता. ती शेजारच्या सीटवर ठेवली आणि पुढे निघालो.

बोरिवलीत बाभईला रुपालीच्या इमारतीखाली सव्वातीनला पोचलो. ती यंत्र घेऊन खाली उभी होती. गाडी पाहून तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मी किल्ली दिली. हातोडी दिली. चालती दिली, काम झालं, असं म्हणून तिथून निघता आलं असतं. यंत्र मागच्या सीटवर ठेवायला मदत करताना मी एकदा मनातल्या मनात निघालोही.

"रुपाली, एक आहे," मी म्हणालो. "तिसरा सिलिंडर कमजोर झालाय. गाडी तेल खाते. कधीतरी बंदही पडेल."

"माहितीय, काका. मॅडम बोलल्या होत्या ना. रविवारी तेल बघायचं, परबांकडेच न्यायची. सगळं लिहून दिलंय मला."

"मला कधी बोलली नाही."

रुपालीने क्षणभर विचार केला. सांगावं की नाही, असा तो विचार होता. "मी विचारलं होतं, काकांना माहितीय का. तर म्हणाल्या, त्यांना नको सांगू गं, मी रस्त्यावर असेन तोवर ते घरात येरझाऱ्या घालत बसतील."

मला शैलाचा राग आला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच आला. दोन वर्षं रोज ती अशा गाडीतून जात होती आणि मी वर बसून वाचत होतो.

"काका, बरे आहात ना? पाणी आणू?"

"नको. तू एक कर. गाडी कुठेही बंद पडली, तर मला फोन कर."

"तुम्ही मुलुंडहून काय करणार?"

"काही नाही. काळजी करीन."

ती हसली, पण मी हसत नाही हे बघून थांबली. "बरं, करते," म्हणाली. मग आरसा स्वतःच्या उंचीला फिरवून घेतला आणि गाडी वळवली. फाटकाबाहेर जाताना तिने ब्रेक नीट लागतात का ते एकदा पाहिलं.

परतीला मुलुंड चेकनाक्याची बस मिळाली, घोडबंदरवरून जाणारी. खिडकी मिळाली. पिशवीत पुस्तक होतं, ते काढलं नाही. काशीमिरा सोडल्यावर डावीकडे खाडीचा एक तुकडा दिसला, मग झाडी सुरू झाली आणि घाटाच्या चढावर बस दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढू लागली. शैला मला वाचवत होती की वगळत होती, हे मला त्या चढावर ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

फोन वाजला तेव्हा पावणेपाच झाले होते.

"काका, पेशंटकडे पोचले होते, आता निघालेय. चारकोपच्या सिग्नलला बंद पडली. दोनदा चावी फिरवली, मग झाली चालू. तुम्ही बोललात ना, म्हणून केला फोन."

"काटा कुठे आहे?"

"मध्ये."

"तेलाचा दिवा?"

"नाही लागला."

"घरी जाऊन दहा मिनिटं थांब, मग कांडी बघ. सपाट जागेवर. आणि मला सांग."

"सांगते."

शेजारी बसलेल्या बाईंनी मान वळवून विचारलं, "काही वाईट झालं का हो?"

"नाही. आमची गाडी सिग्नलला बंद पडली होती."

"मग आता?"

"आता चालू आहे," मी म्हणालो, आणि फोन खिशात न ठेवता हातातच धरून बसलो.