आरूच्या मनगटातली गुरगुर

आधीच सांगते, मी बाहेरचं-बिहेरचं काही मानत नाही. गाव अर्धापूर, घरी केळीचा बाग, मी नांदेडला बीएससी करून राहिले. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी मोबाईलवर व्हिडिओ काढणारी. पण हे माझ्यासोबत झालं... तेही दिवसाढवळ्या, लातूरच्या दवाखान्यात.

दादाची मुलगी आरू, सहा वर्षांची. जन्मापासून तिच्या उजव्या मनगटात रक्तवाहिन्यांचा गुंता. वरून निळसर फुगवटा, गरम. बोट ठेवलं की आत गुरगुर लागायची — मोबाईल व्हायब्रेटवर असतो ना, सेम तशी. मनगट कानाखाली घेऊन माझ्याजवळ झोपायची. म्हणायची, "आत्या, माझा हात गाणं म्हणतो."

यंदा फुगवटा वाढला, बोटं गार पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, सगळा गुंता काढावा लागेल. थोडा जरी राहिला तर परत वाढतो, मग हाताची गॅरंटी नाही.

ऑपरेशनच्या आधी सिस्टरनं तिच्या मनगटातला काळा दोरा काढायला लावला. माझ्या आईनं नजर लागू नये म्हणून बांधलेला. असा दोरा कुठंबी टाकत नसतात, म्हणून मी माझ्याच मनगटाला बांधला.

बाहेर बसलो. थोड्या वेळानं माझं मनगट गुरगुरायला लागलं... सेम तसंच.

दादाला सांगितलं तर म्हणे, "मोबाईल असंल तुझा."

"मोबाईल वहिनीच्या पर्समध्ये हाय, बंद पडलेला."

"मग भूक लागली असंल. केळं खा."

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. "गुंता निघाला. आता एकदा तपासून टाके घालतो." वहिनी रडायलाच लागली. माझं मनगट मात्र चालूच. तोंडातून निघून गेलं — "सर, अजून वाजतंय."

"काय वाजतंय?"

"आरूचा हात."

दादा लगेच, "सर, तिकडं लक्ष नका देऊ. आमची बहीण लई येडी हाय."

डॉक्टर आत गेले.

नंतर आईचा फोन आला, वहिनीच्या मोबाईलवरून मी बोलत होते... आणि गुरगुर थांबली. एकदम. तेवढ्यात डॉक्टर बाहेर. "अंगठ्याच्या मुळाशी एक बारकी शाखा चालू होती. आत्ताच बांधली." मग माझ्याकडं बघून, "तपासणीत सापडलीच असती म्हणा. पण तुम्हाला कसं कळलं?"

मी दोऱ्यावर बाही ओढली.

मेडिकलची मैत्रीण म्हणते, टेन्शनमध्ये नस फडफडते. असेल ना. पण मग शाखा बांधली नेमकी तेव्हाच कशी थांबली?

आरूची बोटं आता गरम असतात, पेन्सिल धरते, मला चिमटे काढते. घरी आल्यावर पहिल्या दुपारी मात्र झोपेना. "आत्या, हात गप्प झाला." मग माझं दोरावालं मनगट ओढलं, कानाखाली घेतलं.

"काही ऐकू येतंय का गं?"

"हाव. तू गप बस ना."

आणि झोपली. मी बोट ठेवून बघितलं — काहीच नाही. दोरा अजून सोडला नाही.