दत्ताची जाळीवाली वायर

दत्ताबरोबर व्हिडिओ शूटिंग करायचं म्हणजे कामापेक्षा भांडणंच जास्त. दहा वर्षांत इतकी झाली की आता कुठलं आधी आणि कुठलं नंतर, ते आठवत नाही. कॅमेरा एका खोलीत, टीव्ही दुसऱ्या खोलीत, मधे वायर. एवढंच काम. पण त्या वायरीच्या बाबतीत दत्ता कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही.

*

उल्हासनगर कॅम्प एकमधला शेठ आम्हाला 'इम्पोर्टेड' वायर विकत होता. दत्ताने तिथेच ती ब्लेडने सोलली. आत बाहेरची खरखर अडवणाऱ्या तांब्याच्या जाळीऐवजी चार केसांएवढे धागे.

"शेठ, जाळी कुठाय?"

"अरे साईं, पिक्चर आता है ना? फिर जाली का क्या अचार डालोगे?"

दत्ताने सोललेलं टोक शेठच्याच दुकानातल्या टीव्हीला लावलं. पडद्यावर मुंग्या आल्या. तीन गिऱ्हाईकं उठून गेली आणि शेठने आतून दुसरं बंडल काढलं.

*

अंबरनाथला शिवमंदिराजवळ एका बुवांचं प्रवचन होतं. गर्दी मावेना, म्हणून शेजारच्या हॉलमध्ये टीव्ही. चित्रात बुवांच्या कडेने एक पांढरी झळाळी दिसत होती. बायका टीव्हीला नमस्कार करू लागल्या!

दत्ताने टीव्हीच्या टोकाला पंचाहत्तर ओहमचा चिमुकला रेझिस्टर लावला. झळाळी गेली, साधे बुवा उरले.

आयोजक धावत आले. "ते तेज परत आणा."

"ते वायरीतून माघारी फिरलेलं चित्र होतं, तेज नव्हे. तेज पाहिजे असेल तर बुवांना सांगा."

तिथलं काम आम्हाला पुन्हा मिळालं नाही. मला वाईट वाटलं, दत्ताला अजिबात नाही.

*

एका सोसायटीत सेक्रेटरीकाकांनी वायर तुटल्यावर पीळ मारून वर काळी टेप गुंडाळली होती. दत्ताने तेवढा तुकडाच कापून टाकला.

"अरे, वीस वर्षं लाइट असाच जोडतोय मी."

"काका, लाइटला नुसतं पोचायचं असतं. चित्राला जसंच्या तसं पोचायचं असतं."

*

आणि बेलवलीचं लग्न. मुलगी मंजू. तिची आई नलूकाकू. नवरा गेल्यावर शिवणकाम करून एकटीने पोरीला वाढवलेलं. मंजूचे काका आम्हाला म्हणाले, "वहिनींना आतल्या खोलीत टीव्ही लावून द्या. विधवा बाई मंडपात बरी दिसत नाही."

माझं डोकं फिरलं. दत्ताने मात्र नवं बंडल फोडलं आणि मंडपापासून खोलीपर्यंत कुठेही जोड न देता अख्खी वायर ओढली. म्हणाला, "आत बसवताय ना, मग चित्र तरी धड देतो."

कॅमेऱ्यावर दत्ता, टीव्हीपाशी मी. मंगलाष्टकं सुरू झाली. चित्र असं स्वच्छ की मंजूच्या मुंडावळ्यांचा मोती न् मोती मोजावा. अंतरपाटाच्या अलीकडे मंजू मान वळवून सारखी घराच्या दाराकडे बघत होती. दत्ताने कॅमेरा तिच्या डोळ्यांवर नेला आणि तिथेच ठेवला.

"कुणाला शोधतेय रे ती?" नलूकाकूंनी विचारलं.

मी खाली वाकून उगाच ब्राइटनेसचं बटण फिरवलं.

मान वर केली तर खुर्ची रिकामी. आणि टीव्हीत नलूकाकू! काका आडवे येऊन त्यांना काहीतरी सांगत होते. वायरीतून फक्त चित्र यायचं, आवाज नाही. नलूकाकूंनी काकांच्या हातातल्या ताटातून मूठभर अक्षता उचलल्या आणि त्या मंजूच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.