दोन नळ्यांचं यंत्र

त्या गाडीचा विषय निघाला की ऑपरेटरबाईंचं पित्त खवळायचं, आणि त्यात बाईंची काही चूक होती असं कुणी म्हणू नये. ज्याला म्हणायचं असेल त्याने आधी स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कार्ब्युरेटर भिजत पडलेला बघावा, पेट्रोलचा वास लागलेला चहा आठवडाभर प्यावा, आणि मग बोलावं.

गाडी जपानी. स्पोर्ट्स कार म्हणतात तसली. लांब नाक, दोन दारं, दोनच माणसांची सोय, आणि वय बाईंच्या लग्नाहून चार वर्षांनी जास्त. रंग मुळात पिवळा. आता कुठे पिवळा, कुठे प्रायमरचा राखाडी. फिटरसाहेबांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, ती एका भंगारवाल्याच्या आवारातून ओढत आणली त्याला एकवीस वर्षं झाली. तेव्हापासून घरातली एक वस्तू धड जागेवर राहिली असेल तर शपथ. केकचा ट्रे नटबोल्ट ठेवायला गेला. जुने टूथब्रश तर सोडाच, नवेही गॅरेजमध्ये. गाडीची एक सीट वर्षभर बैठकीच्या खोलीत होती आणि आला-गेला तिच्यावरच बसायचा. सुटे भाग जपानहून यायचे, तिकडच्या वर्तमानपत्रांत गुंडाळून, तर ते कागदसुद्धा साहेब हाताने सपाट करून जपून ठेवायचे. एक अक्षर वाचता येत नाही, पण फेकायचं नाव नाही.

दोघंही एकाच कारखान्यातून निवृत्त झालेले. बाईंनी अठ्ठावीस वर्षं तिथल्या टेलिफोन बोर्डवर काढली, कानाला हेडफोन लावून. साहेब यंत्रशाळेत फिटर. त्यांना सगळे 'डॉक्टर' म्हणायचे, कारण ते नुसते दारात उभे राहून सांगायचे, "तिसऱ्या मशीनचं बेअरिंग चाललंय." आणि उघडून बघावं तर खरंच बेअरिंग चाललेलं असायचं. माणूस मुळातच कमी बोलणारा. लग्न ठरलं तेव्हा बाईंच्या आत्याने विचारलं होतं, "मुलगा मुका तर नाही ना गं?" तेव्हा सगळे हसले होते. बाईसुद्धा हसल्या होत्या, आता काय बोलणार.

तर या गाडीला कार्ब्युरेटर दोन. एक पुढच्या तीन सिलिंडरला हवा-पेट्रोल पाजतो, दुसरा मागच्या तीन सिलिंडरला. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे, नाहीतर इंजीन थरथरतं. ते जुळवायला लोक हवा मोजायचं मीटर वापरतात. साहेबांना मीटर कमीपणाचं वाटायचं. त्यांनी स्वतः एक यंत्र केलं होतं: रबरी नळ्या दोन, पुढच्याला लाल, मागच्याला काळी. लालचं टोक डाव्या कानात, काळीचं उजव्या कानात, दुसरी टोकं त्या-त्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. हवा आत जाताना सूं असा आवाज होतो. दोन्ही कानांत तो सारखा आला की स्क्रू घट्ट करायचे. वीस वर्षं याच नळ्यांवर गाडी शिवणयंत्रासारखी चालली.

आणि मागच्या वर्षीपासून चालेना. म्हणजे चालू व्हायची, पण उभी असताना हिवताप आल्यासारखी हुडहुडायची. साहेबांनी नळ्या लावल्या, आवाज सारखे. मग प्लग बदलले. वायरी बदलल्या. गॅस्केटं बदलली. टाकी उतरवून धुतली, तीही बाईंच्या कपडे वाळवायच्या जागेत. पुन्हा नळ्या, आवाज सारखे. पुन्हा हुडहुडी. कार्ब्युरेटर चौथ्यांदा सिंकमध्ये आले तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, एकदा ते मीटर आणून बघा की." साहेब "हं" म्हणाले आणि ब्रशने घासत राहिले.

हा 'हं' म्हणजे बाईंच्या डोक्याला ताप होता. काहीही सांगा, 'हं'. पाण्याचा नळ गळतोय, 'हं'. पोरीला बढती मिळाली, 'हं'. त्यांच्यापुढे बोलणं म्हणजे भिंतीपुढे बोलणं, आणि भिंत निदान उठून गॅरेजमध्ये तरी जात नाही. बाईंना जास्त झोंबायचं ते वेगळंच. गाडी चालू होती तोवर रविवारी दोघं फिरायला जायची, हे स्टीअरिंगवर, त्या शेजारी डावीकडे. तेव्हा हाच माणूस नीट उत्तरं द्यायचा. उलट प्रश्न विचारायचा. एकदा तर चक्क हसला होता. म्हणजे बोलता येतं, ऐकताही येतं, फक्त बायकोशी नाही, गाडीत बसलेल्या बाईशी. गाडी बंद पडली आणि ते तेवढं बोलणंही संपलं. सवत असती तरी परवडली असती, असं बाई एकदा शेजारणीला म्हणाल्या, ते काही अगदी गमतीने नव्हे.

सहा महिन्यांपूर्वी बाईंच्या हाताला छातीत गाठ लागली. आंघोळ करताना. तीन दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी साहेब टेबलाशी चहा पीत होते, बाई त्यांच्या उजव्या हाताला ओट्याशी भांडी विसळत होत्या. नळ चालू ठेवूनच, मान न वळवता त्या म्हणाल्या, "गाठ लागतेय हाताला. मंगळवारी तपासायला बोलावलंय. मला भीती वाटतेय हो."

"हं," साहेब म्हणाले. कप ठेवला आणि गॅरेजमध्ये गेले.

मंगळवारी बाई एकट्या गेल्या. सुई टोचून घेतली, एकट्याच परत आल्या. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, काही निघालं नाही. तो त्यांनी कपाटात साड्यांखाली ठेवला आणि कुणापाशी ब्र काढला नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या मनातून हा माणूस उतरला तो उतरलाच. मुलगी कधीची म्हणत होती, आई, माझ्याकडे येऊन राहा. एका रात्रीच्या जेवणाला साहेबांच्या उजवीकडून पानं वाढता-वाढता बाईंनी जाहीर केलं, "मी पुढच्या महिन्यात पोरीकडे जातेय. राहायला. परत यायचं माझ्या मनात नाही." यावर एखादा माणूस भांडला असता, निदान घास तरी हातात थांबला असता. साहेबांनी आमटीची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाले, "हं."

त्याला बारा दिवस झाले होते. आज रविवार. मुलगी अकराला गाडी घेऊन येणार होती. तिला वाटत होतं, आईबाबांचं आपापसात ठरलंय. बाईंची बॅग दाराशी होती. साडेदहा वाजून गेले तरी यजमान गॅरेजमध्ये, इंजिनाची घरघर चालू, आणि पेट्रोलचा वास जिन्यापर्यंत.  चाळीस वर्षांनी बायको घर सोडतेय आणि याचा स्क्रू सुटत नाही. निदान घराच्या किल्ल्या तोंडावर टाकून जावं, म्हणून त्या तरातरा गॅरेजमध्ये गेल्या.

साहेब इंजिनावर वाकलेले, कानांत नळ्या. बाईंना बघून त्यांनी नळ्या काढल्या. चेहरा असा उतरलेला की किल्ल्या बाईंच्या मुठीतच राहिल्या.

"मला समजत नाही," साहेब म्हणाले. "दोन्हीकडे सारखं आहे. तरी हलतेय. हात गेला बहुतेक माझा. विकून टाकू?"

एकवीस वर्षांत हे वाक्य बाईंनी ऐकलं नव्हतं. त्यांना दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. "बघू ते इकडे," म्हणत त्यांनी नळ्या ओढून घेतल्या आणि कानांत घातल्या. बोर्डवरच्या बाईला त्याचं काय अप्रूप. दोन सेकंद ऐकलं.

"सारखं कुठे आहे? मागचा दुप्पट ओरडतोय."

"उलट्या घातल्यास तू."

"लाल डावीकडे, काळी उजवीकडे. वीस वर्षं बघतेय मी." तरी त्यांनी उलट्या घालून पाहिल्या. "आता डावीकडे मोठा. म्हणजे मागचाच."

साहेबांनी नळ्या घेतल्या, आपल्या कानांत लावल्या, डोळे मिटले. "सारखं आहे गं," ते म्हणाले, कंटाळलेल्या आवाजात. बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी साहेबांच्या दोन्ही कानांतल्या नळ्या खस्सकन ओढल्या आणि लाल उजवीकडे, काळी डावीकडे अशा खुपसल्या.

"पुढचा बंद पडला," साहेब म्हणाले.

इंजीन तसंच घरघरत होतं. काहीच बंद पडलेलं नव्हतं. साहेबांनी स्वतःच्या हाताने नळ्या पुन्हा बदलल्या. मग पुन्हा. तिसऱ्यांदा बदलताना त्यांचा हात हळू झाला. आयुष्यभर ते नव्या फिटरांना शिकवत आले होते की मशीनला हात लावलेला नसताना माप बदललं, तर मशीन तपासू नका, माप तपासा. त्यांनी काळी नळी उजव्या कानात धरली, कानाच्या आत दाबली, बाहेर काढली आणि तिच्याकडे बघत राहिले. उजव्या कानाला कमी ऐकू येत होतं, म्हणून ते मागचा कार्ब्युरेटर उघडत गेले होते. सारखा ऐकू येईपर्यंत.

बाईंचं लक्ष मात्र कार्ब्युरेटरकडे नव्हतंच. त्यांनी आत हात घालून किल्ली फिरवली, इंजीन बंद झालं, आणि त्या साहेबांच्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नेहमीच्या आवाजात, जसं टेबलाशी बोलायच्या तसं म्हटलं, "मी आज पोरीकडे राहायला चाललेय."

"हं," साहेब म्हणाले. नजर नळीवरच.

 अठ्ठावीस वर्षं त्यांनी दिवसातून शंभरदा परक्या माणसांना विचारलं होतं, आवाज येतोय का नीट. घरात एकदाही विचारलं नव्हतं.   मग बॉनेटच्या पुढून वळसा घालून त्या साहेबांच्या डाव्या बाजूला आल्या आणि तेच वाक्य तितक्याच आवाजात पुन्हा म्हटलं.

साहेबांनी मान वर केली. "राहायला म्हणजे? किती दिवस?"

"म्हणजे कायमची. बारा दिवसांपूर्वी सांगितलं होतं तुम्हाला. जेवताना."

"मला?" साहेब म्हणाले. "मी काय म्हणालो?"

"हं म्हणालात."

साहेब खाली ठेवलेल्या टायरवर बसले. फडक्याने हात पुसायला लागले. हात पुसून झाले तरी पुसत राहिले. "आवाज होतोय एवढं कळायचं," ते म्हणाले. "मला वाटायचं, नळाचं वगैरे काहीतरी असेल. वाटायचं, तूच हल्ली पुटपुटतेस. दरवेळी काय-काय म्हणून विचारायला लाज वाटायची. मी कोण, डॉक्टर." मग त्यांनी विचारलं, "आणखी काय सांगितलं होतंस?"

खूप काही होतं. नळ होता, पोरीची बढती होती. बाईंना ते काही आठवलं नाही.

"मला गाठ आली होती," त्या म्हणाल्या. "छातीत. मार्चमध्ये. तपासायला जायचं होतं मंगळवारी. भीती वाटतेय म्हणाले होते मी."

फडकं थांबलं. "आणि मी?"

"तुम्ही कप ठेवलात आणि इथे आलात."

 साहेब उठले, त्यांचा हात पुढे आला, तेलाने काळा झालेला दिसल्यावर अर्ध्यात थांबला. बाईंनीच तो धरला.

"काही निघालं नाही," त्या म्हणाल्या. "रिपोर्ट चांगला आहे. वर आहे, दाखवते."

बाहेर फाटकाशी मुलीच्या गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग दुसऱ्यांदा. साहेबांना तो ऐकू आला की नाही कोण जाणे. त्यांनी मान वळवली नाही. बाईही हलल्या नाहीत.

"एकटी गेलीस?"

"हो."

"बसने?"

"हो."

"बसायला जागा मिळाली होती का?"

सहा महिन्यांत कुणी हे विचारेल असं बाईंना वाटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"जाताना नाही मिळाली," त्या म्हणाल्या. "येताना मिळाली."